घोरपड पाळायची? छोटे मॉनिटर सरडे विकत घेण्याआधी पालकांनी हे वाचावं

पालकसभा संपली होती. आठवीतल्या एका मुलाचे अब्बा सगळे जाईपर्यंत थांबले, मग जवळ येऊन त्यांनी मोबाईल पुढे केला. प्लॅस्टिकच्या डब्यात एक वीतभर सरडा बसलेला. "सर, हा ऑस्ट्रेलियाचा ॲकी मॉनिटर आहे म्हणे. विकणारा पोरगा सांगतो, परदेशी आहे म्हणून कायदेशीर आहे. मुलाला कबूल करून बसलोय. अडीच हजार आगाऊ दिलेत. घेऊ ना?"

आम्ही फोटो मोठा करून पाहिला. तपकिरी अंग, त्यावर पिवळसर ठिपके आणि गडद पट्टे, शेपूट लांब, चपटी, गुळगुळीत. आमचं लहानपण कोकणात गेलं. भातखाचरांच्या बांधावर आणि विहिरीच्या कठड्यावर हे जनावर आम्ही शेकडो वेळा पाहिलंय. हा ऑस्ट्रेलियाचा पाहुणा नव्हता, आपल्याच शेतातल्या घोरपडीचं पिल्लू होतं. ॲकीची शेपूट काट्यांच्या कड्यांनी भरलेली असते, हाताला खरखरीत लागते. या शेपटीवर एक काटा नव्हता. आम्ही त्यांना म्हटलं, "अडीच हजार गेले असं समजा, पण हे घरात आणू नका. पकडले गेलात तर तीन वर्षांच्या खाली शिक्षा नाही." त्यांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

काही महिन्यांनी बर्मिंगहॅमला स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. तिचा बारा वर्षांचा मुलगा तोच हट्ट धरून बसला होता: ॲकी हवा. तिथे ते कायदेशीर आहे, दुकानात मिळतं, पैदास करणारे लोकही आहेत. "सर, तुम्ही विज्ञान शिकवता, सांगा ना, करू की नको?" प्रश्न तोच, पण उत्तर वेगळं द्यावं लागलं. तिला सांगण्यासाठी आम्ही जे वाचलं, विचारलं आणि जमवलं, ते इथे देत आहोत. आपल्या समाजातली बरीच कुटुंबं आता ब्रिटन, आखात, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत आहेत, आणि व्हिडिओ तर रत्नागिरीतल्या मुलालाही तेच दिसतात.

मॉनिटर म्हणजे नेमकं कोण

आपली घोरपड ज्या कुळातली, त्या कुळाला इंग्रजीत मॉनिटर म्हणतात आणि शास्त्रीय नाव वॅरॅनस. यात ऐंशीपेक्षा जास्त जाती आहेत. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया, एवढाच त्यांचा मुलूख. सगळ्यात मोठा इंडोनेशियाचा कोमोडो ड्रॅगन, तीन मीटरपर्यंत. सगळ्यात छोटे ऑस्ट्रेलियात, आखूड शेपटीचा एक मॉनिटर तर पूर्ण वाढून जेमतेम पंचवीस सेंटीमीटरचा होतो, म्हणजे शाळेच्या पट्टीपेक्षाही लहान. लांब मान, सापासारखी दुभंगलेली जीभ, चालताना डोकं इकडेतिकडे करत सगळं न्याहाळण्याची सवय, हे मात्र लहानमोठ्या सगळ्यांत सारखं.

नावाची गोष्ट भाषेच्या शिक्षकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. वॅरॅनस हा शब्द अरबी 'वरल' किंवा 'वरन' वरून आला. युरोपातल्या लोकांना तो जर्मन भाषेतल्या 'इशारा देणे' या शब्दासारखा ऐकू आला, त्यांनी त्याचं लॅटिन केलं 'मॉनिटर', म्हणजे इशारा देणारा. वर्गातल्या मॉनिटरचं नाव आणि या सरड्याचं नाव एकाच लॅटिन शब्दातून आलंय. सरड्याला ते एका गैरसमजुतीतून मिळालं, एवढाच फरक.

याच जागी आपल्या घरांत आणखी एक घोळ होतो. हदीसमध्ये 'दब्ब' नावाच्या प्राण्याचा उल्लेख येतो. हजरत खालिद बिन वलीद यांनी तो रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या समोर खाल्ला, आपण स्वतः मात्र खाल्ला नाही, हा प्रसंग अनेकांना माहीत आहे. उर्दू तर्जुम्यांत दब्बसाठी सर्रास 'गोह' लिहिलेलं असतं, आणि गोह म्हणजे आपली घोरपड. पण अरबस्तानातला दब्ब हा वेगळा प्राणी आहे: जाड काटेरी शेपटीचा, वाळवंटात बीळ करून राहणारा आणि मुख्यतः झाडपाला खाणारा. घोरपडीसारखा शिकारी, मांसाहारी सरडा अरबीत वरल. आणि भिंतीवरची पाल म्हणजे वज़ग, ती तिसरीच. तीन प्राणी, तीन शब्द. कोणाबद्दल काय हुकूम आहे, कोणतं जनावर घरात असलं तर पाकीचा प्रश्न काय, हे सांगणं आमचं काम नाही, ते मुफ्तीसाहेबांना विचारा. फक्त विचारताना 'गोह' एवढंच म्हणून थांबू नका. जनावराचा फोटो दाखवा.

भारतात: उत्तर सरळ आहे

भारतात मॉनिटरच्या चार जाती आहेत. आपल्याकडे सगळीकडे दिसणारी साधी घोरपड, पाण्याच्या कडेची पाणघोरपड, उत्तरेकडची पिवळी घोरपड आणि राजस्थान-कच्छकडची वाळवंटी घोरपड. चारही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. पकडणं हीसुद्धा या कायद्यात शिकारच धरली जाते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, या यादीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. "आम्ही मारली नाही हो, पाळलीय, दूध पाजतोय" हा बचाव नाही. (आणि दूध तर तिला पाजूच नका, सरडा दूध पीत नाही.)

मग लोक म्हणतात, परदेशी जातीचं काय? इथेच विक्रेते पालकांना गुंडाळतात. परदेशी म्हणजे मोकळं, असं आता राहिलेलं नाही. वॅरॅनस कुळातल्या सगळ्या जाती सायटीस या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. हा करार वन्यजीवांच्या देशोदेशीच्या व्यापारावर नियंत्रण ठेवतो. बहुतेक मॉनिटर त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, तर आपली घोरपड, पिवळी, वाळवंटी आणि कोमोडो पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात. २०२२ च्या दुरुस्तीने सायटीसची ही यादी आपल्या कायद्यात चौथी अनुसूची म्हणून आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. असा प्राणी ताब्यात आला की तीस दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंद करायची. प्राणी मेला, त्याला पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, तरी तेही कळवायचं. बाहेरून आणायचा तर ज्या देशातून येतो तिथला सायटीस परवाना, आपल्याकडच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना-हरकत, हे सगळं लागतं.

आता सांगा, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून घरपोच सरडा देणाऱ्या पोरग्याकडे यातलं काय असणार? बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगेत सरडे, कासवं सापडल्याच्या बातम्या मुंबई आणि चेन्नई विमानतळांवरून वारंवार येतात. मोज्यात गुंडाळलेली, अर्धमेली. तिथून सुटलेलं जनावर 'एक्झॉटिक' म्हणून विकलं जातं, आणि ते नाही मिळालं तर आपल्याच माळावरचं पिल्लू पकडून त्याला परदेशी नाव चिकटवतात. फोटोतल्या त्या डब्यात जे झालं होतं तेच.

तेव्हा महाराष्ट्रात, गोव्यात, देशात कुठेही राहणाऱ्या वाचकांसाठी आमचं मत स्वच्छ आहे: मॉनिटर विकत घेऊ नका. मुलाला शेतात पिल्लू सापडलं तर तिथेच सोडायला सांगा. घोरपड घरात शिरली तर काठ्या घेऊन धावू नका, तिला पळायला वाट ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर कळवा. ती साप नाही, तिच्या चावण्याने माणूस मरत नाही, आणि उंदीर, खेकडे, गोगलगायी खाऊन ती आपलंच काम करत असते. तिच्या तेलाने गुडघे बरे होतात आणि 'हत्थाजोडी' घरात ठेवली की बरकत येते, या दोन समजुतींनी तिचा जेवढा जीव घेतलाय तेवढा क्वचितच कशाने घेतला असेल. हत्थाजोडी म्हणून विकली जाणारी ती वस्तू झाडाची मुळी नसते. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं ते. हे कळल्यावर आमच्या मोहल्ल्यातल्या एका काकांनी तिजोरीतली पुडी हातही न लावता, चिमट्याने उचलून बाहेर टाकली. पुडीसुद्धा त्याच कायद्यात येते, हे त्यांना त्या वेळी सांगायचं आम्हाला धाडस झालं नाही.

परदेशात: 'छोटा' म्हणजे किती छोटा

आता बर्मिंगहॅमकडे येऊ. ब्रिटनमध्ये ॲकी पाळणं कायदेशीर आहे. ऑस्ट्रेलियात ॲकी तिथलाच प्राणी, पण पाळायला राज्यानुसार परवाना लागतो. अमेरिकेत राज्याराज्यात नियम वेगळे. आखातात आधी चौकशी करा. संयुक्त अरब अमिरातीत तर २०१६ पासून धोकादायक आणि शिकारी प्राणी खासगी लोकांनी ठेवण्यावर स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा तिथे दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, सरकारी कचेरीत विचारा. भाड्याचं घर असेल तर घरमालकालाही.

दुकानात पिल्लू पाहून निर्णय घेण्याची चूक सगळ्यात महाग पडते, कारण मॉनिटरची सगळी पिल्लं तळहातावर मावतात. पश्चिम आफ्रिकेतला सव्हाना मॉनिटर बघा. घाना, टोगो, बेनिन इथून त्याची पिल्लं वर्षानुवर्षं हजारोंनी बाहेर जातात. स्वस्त मिळतो, शांत दिसतो. वाढून मीटरभर होतो, गाडग्यासारखा जाड, आणि त्याला अख्खी खोली लागते. बरीच पिल्लं चुकीच्या खाण्याने लठ्ठ होऊन किंवा कोरड्या पेटीत सुकून लवकरच मरतात, म्हणून तो मोठा किती होतो हे घेणाऱ्यांना कळतसुद्धा नाही. नाईल मॉनिटर त्याहून वाईट, दोन मीटरपर्यंत जातो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या केप कोरल गावात पाळलेले नाईल मॉनिटर सुटून कालव्यांत वाढले, शेवटी २०२१ मध्ये त्या राज्याने तो प्रतिबंधित यादीत टाकला.

खरोखर छोटे म्हणावेत असे मुख्यतः ऑस्ट्रेलियाचे. ॲकी त्यातला सगळ्यात रुळलेला. पूर्ण लांबी साठ ते सत्तर सेंटीमीटर, त्यात निम्म्याहून जास्त शेपूट, म्हणजे अंग खारीपेक्षा थोडं मोठं. लालसर किंवा पिवळसर रंग, पाठीवर कड्यासारखे ठिपके. उत्तर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खडकाळ रुक्ष भागात तो दगडांच्या फटींत राहतो. कोणी ओढायला लागलं की काटेरी शेपूट फटीत आडवी अडकवून बसतो. झाडाच्या सालीखाली राहणारे त्याहून बारीक मॉनिटरही पाळले जातात, पण ते लाजाळू आणि कमी मिळणारे, पहिल्यांदा पाळणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

हिरवे-निळे झाडावरचे मॉनिटर फोटोत फार देखणे दिसतात. त्यांच्यापासूनही लांब राहा, असं आमचं स्पष्ट मत आहे. निळा मॉनिटर शास्त्राला माहीत झाला तोच २००१ मध्ये. तो न्यू गिनीजवळच्या बटांटा बेटावरचा, आणि तेव्हापासून पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडला जातोय. एवढ्याशा बेटावर असे प्राणी असणार किती? ॲकीचं तसं नाही. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरडे व्यापारासाठी बाहेर जाऊच देत नाही, त्यामुळे युरोप-अमेरिकेत जे ॲकी विकले जातात ते पिढ्यान्‌पिढ्या तिथेच पैदास झालेले असतात. बंदिस्त जागेत जन्मलेलं पिल्लू माणसाला सरावतं, खायला लगेच लागतं आणि जंगलातून आणलेल्या जनावरासारखे जंत बरोबर आणत नाही.

पेटी आधी, सरडा नंतर

आम्ही त्या विद्यार्थिनीला पहिली अट घातली: पेटी पूर्ण तयार कर, दोन महिने रिकामी चालव, मग बघू. तिला वाटलं सर टाळतायत. तसं नव्हतं. या प्राण्याला सांभाळणं म्हणजे घरात दोन-चार फुटांचं ऑस्ट्रेलियन वाळवंट चालवणं, आणि ते वाळवंट आधी चालायला हवं.

एका ॲकीला कमीत कमी १२० सेंटीमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच पेटी लागते. याहून मोठी असेल तर उत्तमच. तळाला माती आणि वाळूचं मिश्रण, किमान ३० सेंटीमीटर खोल. वरून कोरडं, आतून ओलसर, बीळ केलं तर ढासळणार नाही असं. बहुतेक लोक इथे कंजुषी करतात. चार बोटं वाळू पसरतात आणि म्हणतात, वाळवंटातला आहे ना. पण वाळवंटातला सरडा दिवसभर वर नसतो. तो बिळाच्या ओलाव्यात बसून अंगातलं पाणी वाचवतो. उथळ कोरड्या वाळूत तो आतून सुकत जातो, मूत्रपिंडं निकामी होतात. मादीला तर आणखी खोल माती हवी. नर नसला तरी ती अंडी धरू शकते आणि घालायला जागा नाही मिळाली तर अंडी पोटात अडकून मरते.

इथे जरा वर्गातलं गणित करू. १.२ गुणिले ०.६ गुणिले ०.३ म्हणजे ०.२१६ घनमीटर माती. ओलसर माती-वाळू घनमीटरला दीड टनाच्या आसपास धरली तर वजन झालं सव्वातीनशे किलो. ब्रिटनमधल्या जुन्या घरांत वरच्या मजल्याची जमीन लाकडी असते. म्हणून ही पेटी मुलाच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, अभ्यासाच्या टेबलावर ठेवायची नाही. तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर. तिने आधी टेबलच घेतलं होतं, ते परत करावं लागलं.

ऊब हा दुसरा विषय. पेटीच्या एका टोकाला ऊन खाण्याची जागा असते, तिथल्या दगडाचा पृष्ठभाग साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला हवा, काही जाणकार सत्तरपर्यंत जातात. आकडा वाचून आई-वडील घाबरतात. पण पेटीचं दुसरं टोक पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर असतं, आणि सरडा दहा मिनिटं इकडे, अर्धा तास तिकडे असं स्वतःचं तापमान स्वतः सांभाळतो. दगड पुरेसा तापला नाही तर खाल्लेलं पचत नाही. ही ऊब वरून दिव्याने द्यायची. बाजारात मिळणारे विजेवर तापणारे दगड घेऊ नका, त्यांनी पोट भाजतं. दिव्याला सरडा चिकटणार नाही अशी जाळी हवी. मोजायला काचेवर चिकटवायचा थर्मामीटर कामाचा नाही, लांबून पृष्ठभागाचं तापमान सांगणारी इन्फ्रारेड बंदूक घ्या. यूव्हीबी किरणांची नळीही हवीच, तिच्याविना कॅल्शियम हाडात मुरत नाही. ती साधारण वर्षाने बदलावी लागते. नळी पेटलेली दिसते म्हणून किरण येतायत असं समजू नका.

विजेचा हिशोब: ७५ वॉटचे दोन दिवे आणि ३९ वॉटची नळी, मिळून १८९ वॉट. रोज बारा तास म्हणजे सव्वादोन युनिट, महिन्याला सुमारे अडुसष्ट युनिट. ब्रिटनच्या वीजदराने गुणा आणि मग पुढचा आकडा लक्षात घ्या: चांगला सांभाळलेला ॲकी पंधरा वर्षं, कधी वीस वर्षंही जगतो. आज बारा वर्षांचा असलेला मुलगा तोवर सत्तावीस वर्षांचा होईल. तो शिकायला दुसऱ्या गावी जाईल, त्याचं लग्न होईल. सरडा अम्मीकडेच राहणार.

खाणं, आणि अम्मीची तक्रार

ॲकी कीटकांवर जगतो. रातकिडे, टोळ, पाळीव पैदाशीची दुबिया झुरळं. सगळं अख्खं, बहुतेक जिवंत. देण्याआधी त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, कारण दुकानातल्या किड्यांत कॅल्शियम कमी असतं. पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून तीन-चार वेळा. कधीमधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा चालतो. उंदराची गोठवलेली पिल्लं पुष्कळ लोक देतात, पण सारखी दिली तर सरडा चरबीने मरतो, आणि कीटकांवर तो व्यवस्थित जगतो. "मग फ्रीजरमध्ये कबाबांच्या शेजारी उंदीर ठेवायचे नाहीत ना?" असं तिने विचारलं, आणि आम्ही "नाही" म्हटल्यावर तिचा अर्धा विरोध संपला. घराबाहेरचे, बागेतले किडे देऊ नका, त्यांवर औषध फवारलेलं असू शकतं. खिमा, पाव, भात, यातलं काहीही नाही.

मुलं आणि सरडा

मांजरासारखा हा मांडीवर येऊन बसणारा प्राणी नाही. पहिले कित्येक आठवडे तो दिसणारच नाही, बिळात असेल. वरून हात घालून पकडला की त्याच्या लेखी तो शिकारी पक्षी. पकडापकडी केलेला मॉनिटर पुढे माणूस दिसला की पळतो किंवा चावतो. हात पेटीत ठेवून नुसतं बसायचं, चिमट्याने किडा द्यायचा, महिना-दोन महिने. मग तो स्वतः हातावर चढतो. हुशार प्राणी आहे, रंगीत काडी दाखवली की जेवण येतं हे लवकर शिकतो. ज्या मुलाला इतका धीर आहे त्यालाच हा प्राणी फळतो, आणि आमच्या अनुभवात अशी मुलं बहुधा वर्गात मागच्या बाकावर असतात. एक गोष्ट मुलांना ठासून सांगा: पालीची शेपूट तुटली तर परत येते, मॉनिटरची येत नाही. शेपटीला धरून उचलायचं नाही.

चावला तर रक्त येतं, थोडी सूज येते. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी मॉनिटरच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचं दाखवलं, पण छोट्या जातींचा माणसाला सापासारखा धोका नाही. जखम साबणाने धुवा आणि सूज वाढली तर डॉक्टरकडे जा. खरी काळजी घ्यायची ती साल्मोनेला या जिवाणूची. सरपटणारे प्राणी धडधाकट दिसले तरी त्यांच्या विष्ठेत तो असू शकतो, आणि तो लहान बाळांना, गरोदर बायकांना, म्हाताऱ्यांना खूप आजारी पाडतो. अमेरिकेची आरोग्य यंत्रणा पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात असे प्राणी ठेवूच नयेत म्हणते. हे आम्ही सौम्य करून सांगणार नाही. घरात तान्हं बाळ असेल किंवा येणार असेल तर बेत पुढे ढकला. बाकीच्यांनी हात लावल्यावर साबणाने धुवायचे, पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, आणि सरडा दस्तरखानाच्या आसपास सोडायचा नाही. वजू केली म्हणजे हात धुतले असं मुलं समजतात. साबण वेगळा लागतो.

घेताना

इंग्लंडमध्ये प्राणी विकण्याचा धंदा करणाऱ्याला २०१८ च्या नियमांप्रमाणे स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि जाहिरातीत परवाना क्रमांक द्यावा लागतो. तो विचारा. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, तेव्हा "मी माझ्या पॉकेटमनीतून आणला" हे घडायलाच नको. दुकानापेक्षा पैदास करणाऱ्याकडून घेतलेला बरा, कारण तिथे आई-बाप सरडे पाहता येतात. अंडं कधी फुटलं, सध्या काय खातो, किती वेळा, हे त्याने न अडखळता सांगायला हवं. तुमच्या समोर त्याला खाऊ घालायला सांगा. निरोगी पिल्लाची शेपूट बुडाशी गोल भरलेली असते, कमरेची हाडं वर आलेली नसतात, डोळे चमकदार, तोंड स्वच्छ. काखेत, मानेच्या घडीत काळे बारीक ठिपके हलताना दिसले तर ते पिसवांसारखे किडे, तो घेऊ नका. आणि दुकानदार "बघा किती शांत आहे" म्हणून पिल्लू तुमच्या हातावर ठेवत असेल तर सावध व्हा. निरोगी पिल्लू तुम्हाला पाहून पळतं. हातावर निपचित पडलेलं पिल्लू माणसाळलेलं नसतं, बहुधा आजारी असतं.

घेण्याआधीच सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर कुठे आहे ते शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर यांना हात लावत नाहीत.

अडीच हजार देऊन बसलेल्या त्या अब्बांना पैसे परत मिळाले नाहीत, विकणाऱ्याने नंबरच बंद केला. मुलगा रुसला होता. आम्ही त्याला शाळेमागच्या ओढ्याच्या पुलावर सकाळी साडेआठला उभं राहायला सांगितलं, तिथल्या दगडी भिंतीवर एक मोठी घोरपड ऊन खायला येते. आता तो वहीत तिच्या वेळा लिहितो.

बर्मिंगहॅमची पेटी तळमजल्यावर लागली आहे. मुलगा रोज दोनदा दगडाचं तापमान घेतो, पहिल्या आठवड्यात अठ्ठेचाळीसच्या वर जात नव्हतं, दिवा बदलल्यावर एकसष्टला आलं. पिल्लू अजून आलेलं नाही, पैदास करणाऱ्याकडची अंडी फुटायची आहेत. रातकिडे मात्र आलेत. त्यातला एक निसटून फ्रिजच्या मागे गेलाय आणि इशापासून फजरपर्यंत ओरडतो, असं तिची अम्मी परवा आम्हाला फोनवर सांगत होती.